भाड्याची गाडी आणि परवाना

गेल्या सुट्टीत पलसाण्याहून सुरतेस गेलो असता मोबाइलवरून मागविलेली मोटारसायकल समोर आली. तिची नंबरपाटी पांढरी, म्हणजे खाजगी वाहनाची होती. शेजारचा खानदेशी रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, परमिट, पासिंग, बॅज सगळं आम्हालाच. ह्याला काहीच नाही?" त्याचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून हा अभ्यास.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 66 प्रमाणे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनास परवाना हवा. कलम 93 मध्ये तिकिटे विकणाऱ्या, गिऱ्हाईक जमविणाऱ्या एजंटालाही लायसेन्सची अट होती. ओला, उबर यांचे म्हणणे असे की, आम्ही केवळ चालक व प्रवासी यांची गाठ घालून देतो. ही पळवाट 2019 च्या दुरुस्तीने बंद केली. अशा कंपन्यांना 'ॲग्रिगेटर' ठरवून लायसेन्स आवश्यक केले. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर 2020 मध्ये निघाली.

महाराष्ट्रात मात्र राज्याचे नियम रखडले आणि गाड्या धावतच राहिल्या. 7 मार्च 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना 16 मार्चपर्यंत लायसेन्ससाठी अर्ज करण्यास फर्मावले. प्रवाशांची गैरसोय नको म्हणून वाहतूक तडकाफडकी बंद केली नाही.

दुचाकीचे प्रकरण याहून स्पष्ट आहे. पुण्याच्या आर.टी.ओ.ने डिसेंबर 2022 मध्ये रॅपिडोचा अर्ज फेटाळला. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने विनालायसेन्स सेवा थांबविण्यास सांगितले. 19 जानेवारीस राज्याने खाजगी वाहनांच्या अशा वापरावर बंदी घातली. 7 फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीस दिलासा नाकारला.

तेव्हा नियम मोडले काय? माझ्या मते, 2019 पूर्वीचा प्रश्न वादाचा होता. त्यानंतर लायसेन्सवाचून धंदा करणे हे उल्लंघनच. पण नियम वेळेवर न करणारे शासनही दोषमुक्त नाही.

कोणी म्हणेल, स्वस्तात सोय होते, मग परवान्याचा आग्रह कशाला? विद्यार्थिमित्रांनो, परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे. परवान्याविना भाडे मारणाऱ्या वाहनास अपघात झाल्यास विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यास आधार मिळतो. अशा वेळी वाचविलेले दहा रुपये जखमी प्रवाशाच्या व गरीब चालकाच्या घराला फार महाग पडतात. रिक्षावाल्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की, नियम हवेत, आणि ते दोघांनाही सारखे हवेत.