तयार वर्कस्टेशन की जोडलेला संगणक

वरळी कोळीवाडा

चिरंजीव भाच्यास,

वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आणि त्याच विद्येच्या जोरावर बाहेरची कामे घेऊ लागलेल्या तरुणाने नामांकित कंपनीचे तयार वर्कस्टेशन घ्यावे, की लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक स्वतः जोडावा, हा प्रश्न बहुधा दोन कोटेशने शेजारी ठेवून सोडवला जातो आणि तिथेच चूक होते. किंमत हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. काम पोहोचवायच्या आदल्या रात्री यंत्र बंद पडले तर ते पुन्हा सुरू करणे कोणाच्या अंगावर, हे आधी ठरले पाहिजे.

एचपीची झेड किंवा लेनोव्होची थिंकस्टेशन या मालिकांतली यंत्रे महाग असतात, ती केवळ नावामुळे नव्हे. त्यांतील ग्राफिक कार्ड आणि त्याचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारी आज्ञावली, हे आराखडे काढण्याच्या ठरावीक सॉफ्टवेअरबरोबर तपासून प्रमाणित केलेले असतात. अनेकदा स्मृतीही ईसीसी प्रकारची असते: माहितीच्या प्रत्येक 64 बिटांमागे 8 जादा बिटे ठेवली जातात, त्यांच्या आधारे एक बिट उलटले तर ते तिथल्या तिथे सुधारले जाते आणि दोन उलटली तर निदान चूक लक्षात येते. शिवाय हमीच्या काळात कंपनीचा माणूस घरी येऊन भाग बदलतो. पुलाच्या भारांची गणिते दिवसचे दिवस चालवणाऱ्या कार्यालयाला हे सारे लागते. घरांची चित्रे रेंडर करणाऱ्या, म्हणजे आराखड्यावरून प्रकाशछायेसह चित्र तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला यातले फारच थोडे उपयोगी पडते, कारण ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डावरही उत्तम चालते. उलट तयार यंत्रातला मदरबोर्ड आणि वीज पुरवणारा एसएमपीएस पुष्कळदा कंपनीच्याच मापाचे असतात, त्यामुळे हमी संपल्यावर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही आणि मालकाला त्याच कंपनीच्या दारात जावे लागते.

मुंबईत हा पेच नवा नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने 1955 च्या सुमारास ब्रिटनहून एचईसी-2एम हा तयार संगणक आणला, आणि त्याच काळात कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संगणक घडवायला घेतला. त्याचा छोटा नमुना 1956 मध्ये चालू झाला, पूर्ण यंत्र 1960 मध्ये कामाला लागले आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या आणि मुख्य स्मृती 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम 10 केबी. यंत्र तयार होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक विकले जाऊ लागले होते, आणि 1964 मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी 3600 हे तयार यंत्र आले. एवढ्यावरून टिफ्रॅकचा खटाटोप वाया गेला असा निष्कर्ष काढणारे लोक हिशेबाची अर्धीच बाजू वाचतात; ते यंत्र घडवताना संगणक आतून ओळखणारी माणसे तयार झाली, आणि पुढे देशात संगणकविद्येची घडी बसवण्यात नरसिंहन अग्रभागी राहिले. अर्थात आज घरी संगणक जोडणारा काहीच घडवत नाही, तो तयार भाग एकत्र आणतो. होडी सुतारासमोर बसून बांधून घेणारा नाखवाही इंजिन तयारच आणतो, परंतु भर समुद्रात कुठला बोल्ट ढिला होईल हे त्याला ठाऊक असते.

म्हणून पहिला संगणक स्वतः जोडावा, आणि ज्या दिवशी यंत्र उघडून बसण्यात जाणारी दुपार गिऱ्हाइकाच्या कामापेक्षा महाग पडू लागेल त्या दिवशी निःसंकोचपणे वर्कस्टेशन घ्यावे, असा सल्ला आहे. कोळीवाड्यात राहणाऱ्याला तर यंत्र उघडणे चुकतच नाही. वरळीच्या टोकाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे आणि वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण पंख्यांतून आत ओढले जातात. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात इथली आर्द्रता त्याच्या वरच असते. त्या खारट ओलीने तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रूच्या डोक्यांना तांबूस गंज येतो, रॅमच्या पट्ट्यांची बोटे काळवंडतात आणि एके सकाळी यंत्र नुसते बीप देत राहते. अशा वेळी वीज पूर्ण तोडून रॅम काढावी, तिची सोनेरी बोटे मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसावीत, कण झटकून ती पुन्हा बसवावी. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. चालू यंत्र आतून उबदार राहते म्हणून त्याला ओल कमी बाधते, यास्तव जुलै-ऑगस्टमध्ये संगणक आठवडाभर बंद ठेवणे बरे नव्हे. पंख्यांपुढे धुता येणारी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. रंगीत दिव्यांवर पैसे घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगितलेले बरे.

सुटे भाग घेताना पक्के बिल घ्यावे. कच्च्या बिलावर मिळणारा माल कधीकधी परस्पर आयातीचा असतो आणि त्याची हमी इथला अधिकृत वितरक मानत नाही. प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि वेगळ्या कंपनीची असल्याने बिले, खोकी आणि अनुक्रमांकांची छायाचित्रे एकत्र जपावीत. काटकसर करायचीच तर ती प्रोसेसरमध्ये करावी, एसएमपीएसमध्ये कदापि नको, कारण त्याच्या बिघाडात शेजारचे भागही जळू शकतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे विजेचा प्रवाह सुरळीत खेचणारी योजना असते आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी तिचे कधीकधी जमत नाही. तेव्हा शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस निवडावा.

जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण त्यामागे अर्थिंग असतेच असे नाही. खरेदीपूर्वी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरला तर आधी अर्थिंगचे काम करावे आणि मग भागांकडे वळावे. पोटमाळ्याखालच्या टेबलाची खोलीही फूटपट्टीने मोजून हव्या असलेल्या भागांच्या यादीसोबत मला कळवावी, कारण मोठी ग्राफिक कार्डे 30 सेंटिमीटरहून लांब असतात आणि त्या हिशेबाने कॅबिनेट ठरवावे लागेल.

मामाचे आशीर्वाद.