थेरपिस्टपासून गमी लपवू नका

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमानांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पाय ताठतात, रात्री पेटके येतात. राज्याचं मेडिकल मारिवाना कार्ड काढलंय आणि झोपण्याआधी ते गांजाची गमी घेतात. त्याने झोप लागते. 'पण फिजिओथेरपीला गेल्यावर सांगायची लाज वाटते, गंजेडी समजतील,' असं ताई लिहितात.

ताई, जरूर सांगा. या आजारातला ताठरपणा गांजातल्या घटकांनी कमी झाल्याचं रुग्ण सांगतात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या 2017 च्या अहवालानेही त्याची दखल घेतली आहे. यजमान चोरी करत नाहीत, आजाराशी झगडताहेत.

सांगायचं ते त्यांच्या पायांसाठी. पाय अशक्त असले की कित्येकदा तो ताठरपणाच माणसाला उभं धरतो. गमीने तो सैलावला, तर रात्री बाथरूमला उठताना गुडघा अचानक दुमडू शकतो. त्यात उभं राहताच रक्तदाब उतरतो, चक्कर येते. थेरपिस्टला हे माहीत असेल तर ती आडवं आणि उभं असतानाचा रक्तदाब मोजेल, तोल सांभाळण्याचे व्यायाम अंमल उतरलेल्या वेळी घेईल, भिंतीला दांडा कुठे लावायचा आणि रात्री पलंगाजवळ काय ठेवायचं ते सांगेल. माहीत नसेल तर पाय का लटपटले याचं कारण ती भलतीकडेच शोधत बसेल.

म्हणून वहीत लिहून न्या: कोणती गमी, किती मिलिग्रॅम, किती वाजता. गमीचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी घेऊ नका; दोन्ही एकदम चढतात. अंमल असताना गाडी चालवायची नाही. एरवी चालवणं सुरक्षित आहे का, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्या.

मात्रा ठरवणं थेरपिस्टचं काम नाही, ते डॉक्टरांना विचारा. ताठरपणावरचं बॅक्लोफेन हे औषध चालू असेल तर दोन्हींची गुंगी एकत्र येते. पण म्हणून बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करू नका. त्याने झटके येऊ शकतात.

आणखी एक. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला राज्याचं कार्ड मान्य नाही. ग्रीनकार्डावर असाल आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. याच कारणावरून अर्ज अडू शकतो, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

डिसेंबरात पुण्याला याल, तेव्हा गमीची डबी सोबत आणू नका. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि तिथलं कार्ड इथे चालत नाही. तेवढ्या दिवसांत रात्रीच्या पेटक्यांवर काय घ्यायचं, ते निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.