पाण्याने वेढलेली गाडी

आषाढ सरत आला होता. २६ जुलै २०१९ ची ती रात्र. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याण मागे टाकून कर्जतच्या दिशेने निघाली होती. उजाडता उजाडता कोल्हापूर गाठावयाचे, या भरवशावर प्रवाशांनी अंथरुणे पसरली होती. बाहेर पाऊस मुसळधार कोसळत होता. बदलापूर सोडल्यावर गाडीचा वेग मंदावला आणि पुढे चामटोली गावाच्या परिसरात ती थांबली. पुढचे स्थानक वांगणी. बदलापूर ते वांगणी हे अंतर अवघे दहा-अकरा किलोमीटरांचे; परंतु त्या रात्री ते ओलांडणे गाडीला शक्य झाले नाही. पहाट झाली तेव्हा खिडकीबाहेर रूळ दिसत नव्हते, शेते दिसत नव्हती, बांधही दिसत नव्हते. दिसत होते ते केवळ गढूळ, वाहते पाणी.

हे पाणी उल्हास नदीचे होते. खंडाळा-लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या गावांजवळून वाहत कल्याणला येते आणि पुढे खाडीत मिळते. सह्याद्रीच्या कड्यांवर पडलेला पाऊस उभ्या उतारावरून वेगाने खाली धावतो. सपाटीवर आल्यावर मात्र त्या पाण्याला तितक्याच वेगाने पुढे सरकता येत नाही. मग नदी पात्र सोडते आणि दोन्ही तीरांवरील भातखाचरांत पसरते. बरोबर चौदा वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या वेळीही कल्याण आणि बदलापूर परिसराने महापूर अनुभवला होता. त्यामुळे पूर म्हणजे काय, हे इकडच्या लोकांना सांगावे लागत नव्हते.

गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत मुले होती, वृद्ध होते आणि नऊ गर्भवती स्त्रियाही होत्या. अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार कोणता येतो? येथून बाहेर पडावे, हाच. गाव फार दूर नाही. पाणी कमरेइतकेच असेल. रुळांच्या रेषेने चालत गेले तर घटकाभरात कोरडी जमीन लागेल, असे वाटू लागते. स्वस्थ बसणे भित्रेपणाचे वाटते आणि पाण्यात उतरणे शौर्याचे. रेल्वेने मात्र प्रवाशांना निक्षून कळविले, की गाडीतून कोणीही उतरू नये. गाडी हीच सुरक्षित जागा आहे.

ही सूचना योग्य का होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. रेल्वेच्या डब्याची जमीन रुळांपासून सुमारे सव्वा मीटर उंच असते आणि एकेका डब्याचे वजन चाळीस टनांच्या आसपास भरते. सहजासहजी वाहून जाईल अशी ही वस्तू नव्हे. माणसाचे तसे नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणूनच गुडघ्याच्याही खाली असलेले वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते. शिवाय पुराचे पाणी गढूळ असते; तळ दिसत नाही. रुळांखालची खडी वाहून गेलेली असेल, तर तेथे खड्डा पडलेला असतो. काटेरी तारेचे कुंपण, उघडी विहीर, तुटलेला बांध, हे सारे त्या एकाच तपकिरी चादरीखाली झाकलेले असते. रोजच्या पायाखालची वाटही पाण्याखाली गेली, की अनोळखी होते.

अडकलेल्यांच्या मदतीला प्रथम जवळचेच लोक धावले. आसपासचे ग्रामस्थ, पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दलाचे जवान यांनी प्रवाशांपर्यंत पाणी आणि बिस्किटे पोहोचविली. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या हवा भरलेल्या रबरी होड्या घेऊन आल्या. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये स्थापन झालेले हे दल पूर, भूकंप, दरडी अशा संकटांत काम करते. नौदलाची पथके पाणबुड्यांसह निघाली. भूदल आणि वायुदलही मदतीस सज्ज झाले.

ज्या शेतांत आदल्या दिवशी भाताची रोपे डोलत होती, त्या शेतांवरून आता होड्या चालू लागल्या. हे काम दिसते तितके सोपे नसते. नदीत होडीला सलग खोल पाणी मिळते. बुडालेल्या शेतात तसे नसते. कोठे पाणी पुरुषभर, तर पुढच्याच बांधावर वीतभर. जेथे पाणी उथळ, तेथे जवानांना खाली उतरून होडी ढकलावी लागते, प्रसंगी खांद्यावर उचलून पलीकडच्या पाण्यात सोडावी लागते. एरवी होडी माणसांना वाहून नेते. येथे माणसांनाच होडी वाहावी लागते.

होडी वाहण्याची ही रीत जगात अन्यत्रही आहे. कॅनडाच्या अरण्यांत सरोवरांच्या रांगाच रांगा आहेत. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मध्ये धबधबा किंवा खडकाळ प्रवाह लागला, की प्रवासी आपली हलकी, निमुळती होडी पालथी करून खांद्यावर घेतात आणि रानवाटेने चालू लागतात. पूर्वी तेथील कातड्यांच्या व्यापाऱ्यांचे नावाडी होड्यांबरोबरच सुमारे चाळीस-चाळीस किलोंची दोन गाठोडी एकाच वेळी पाठीवर घेऊन अशा वाटा तुडवीत असत. या वाटाही कधी पुराने बुडतात. तेव्हा जाणता प्रवासी काय करतो? तो होडी खाली ठेवतो आणि थांबतो. लांब काठीने पुढचा तळ चाचपतो. पाठीवरच्या ओझ्याचा कमरेचा पट्टा सैल करतो. कारण पाय घसरलाच तर ओझे सोडून देता आले पाहिजे. आणि पाण्याला ओढ आहे असे दिसले, तर तो पुढे जातच नाही. पाणी ओसरेपर्यंत तेथेच मुक्काम करतो. ओळख ना देख, तरी उल्हासच्या काठी आणि त्या दूरच्या अरण्यात शहाणपण एकच आहे.

२७ जुलै रोजी दुपारपर्यंत होड्यांच्या खेपा चालू होत्या. प्रत्येक खेपेला मोजकीच माणसे बसू शकत. उरलेल्यांना आपली पाळी येईपर्यंत धीर धरावा लागे. एक हजारांहून अधिक माणसांनी एकाच वेळी दाराशी गर्दी केली असती, तर होड्याच उलटल्या असत्या. पाळी पाळणे हे शाळेत किंवा बसच्या थांब्यावर शिष्टाचाराचे असते. तेथे ते जिवाचे मोल देणारे होते. सर्वच्या सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. नऊ गर्भवती स्त्रियाही सुखरूप होत्या. बदलापूर येथे त्यांच्या जेवणाची व औषधोपचाराची व्यवस्था झाली. पुढे कल्याणहून त्यांच्यासाठी खास गाडी सोडण्यात आली. कर्जतकडचा मार्ग पाण्यामुळे बंद होता. म्हणून ही गाडी मनमाड आणि दौंड असा लांबचा वळसा घेऊन कोल्हापूरकडे गेली.

या घटनेत जवानांचे धैर्य तर उघडच दिसते. खवळलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा होडी घालणे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु दुसरेही एक धैर्य तेथे होते. ते सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. सभोवती पाणी वाढत असता जागेवर बसून राहणे, शेजाऱ्याला धीर देणे आणि आपल्याआधी दुर्बळाला जाऊ देणे, हेही धैर्यच होय. वाट आपल्या पायांना कितीही परिचित असली, तरी पाणी तिच्यावरून वाहू लागले, की ती वाट आपली राहत नाही. ती काही काळ नदीची होते. नदीने ती परत देईपर्यंत थांबावे. पोहोचण्यास उशीर झाला तरी चालेल. महालक्ष्मीचे प्रवासीही उशिरा पोहोचले, पण ते सगळे पोहोचले.

स्वाध्याय

१. गाडीतून उतरणे प्रवाशांना धोक्याचे का होते? तीन कारणे लिहा.
२. बुडालेल्या शेतातून होडी चालविणे नदीपेक्षा कठीण का असते?
३. ‘ती वाट काही काळ नदीची होते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. येरागबाळ्याचे काम नसणे, पाय उखडणे, डोळ्यांत भरणे या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील कोणत्या वाटेवर पावसाळ्यात पाणी येते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.