गर्भपिशवीचे तोंड गोठवले, पुढे किती खर्च?

तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर पांढरा डाग दिसला की घर हादरते. पण तो डाग म्हणजे बहुधा कॅन्सर नसतो. पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा बदललेल्या पेशी असू शकतात. अत्यंत थंड उपकरण टेकवून त्या गोठवतात: तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे थांबायचे, पुन्हा तीन मिनिटे. सहसा भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. मराठवाड्याला हे नवे नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मोठ्या अभ्यासात खेड्यातल्या बायकांवर हा उपचार झाला. म्हणून एवढ्याशा डागासाठी कुणी ‘पिशवीच काढा’ म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

जालना जिल्ह्यात राहत असाल तर आधी जालन्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. तिथे सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठा. अंतर साठेक किलोमीटर, एसटीत बायकांना अर्धे तिकीट. खासगीत जायचे असेल तर तपासणी, तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आणि गोठवणे, तिन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून मागा.

मोठा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. दोन ते चार आठवडे, काहींना सहाही, अंगावरून पाणी जाते. दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला 120 लागतात. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड रुपयाला एक मिळते. दुकानात कितीतरी पट पैसे जातात. हलके काम लगेच जमते, जड ओझे काही दिवस नको. रोजगार हमीच्या 2025-26 च्या 312 रुपये दराने चार दिवस बुडाले तर 1,248 रुपये गेले. घनसावंगी, मंठ्याकडच्या ज्या बाया ऊसतोडीला कोयत्यावर जातात, त्यांनी टोळी निघण्याच्या दीड महिना आधीच उपचार करून घ्यावा. फडात मोळ्या उचलाव्या लागतात, स्वच्छ पाणी मिळत नाही आणि खाडा केला की पैसे कापतात.

चार आठवडे संबंध नकोत, आत काही घालायचे नाही. हे नवऱ्याला सिस्टरनेच समोर बसवून सांगावे. बाईवर ते ओझे टाकू नये. ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात जोराची कळ किंवा गाठी पडून रक्त गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक वर्षाने पुन्हा तपासणी करायची आहे. कागद रेशनकार्डासोबत ठेवा आणि ती तारीख आशाताईंनाही लिहून द्या.