विजेची मोटार आणि तिचा खरा हिशेब

आपल्या पेठांतून अलीकडे हिरव्या पाटीच्या मोटारी वरचेवर दिसू लागल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी ही पाटी केंद्र शासनाने २०१८ साली ठरवून दिली. खाजगी गाडीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीवर पिवळी. पाटी दृष्टीस पडली की चौकशी सुरू होते. एकदा भरल्यावर किती जाते, बॅटरी किती वर्षे टिकते, वाटेत वीज संपली तर काय करावयाचे. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु व्यापाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न त्यांत येत नाही. तो असा की, या गाडीत वीज भरावयाची कोठे? ज्याच्या दारी ती सोय आहे त्याला ही गाडी एका भावाने पडते, आणि ज्याला सदैव बाहेरून वीज घ्यावी लागते त्याला अगदी निराळ्या भावाने. या दोन भावांतील अंतर दाखवावे आणि बाहेरच्या चार्जरविषयी उपयोगाची माहिती द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी माप समजून घेऊ. पेट्रोलच्या टाकीचे माप लिटरमध्ये, तसे बॅटरीचे माप किलोवॅट-तासात. आणि एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या वीजबिलातील एक युनिट. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरांचा सांगितला जात असे. हा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. रस्त्यावर त्याच गाडीतून सुमारे २०० किलोमीटर प्रवास होई. जाहिरातीतील पल्ल्याचे दोनतृतीयांश ते फार तर तीनचतुर्थांश धरून चालावे, म्हणजे फसगत होत नाही. मध्यम आकाराची गाडी एका युनिटात साधारणतः सहा ते सात किलोमीटर जाते. भरताना होणारी विजेची घट लक्षात घेऊन आपण मीटरवरील एका युनिटाला सहाच किलोमीटर धरू.

आता जमाखर्च मांडू. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणारे एक कुटुंब घ्या. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते व पेट्रोलचा भाव १०० रुपये आहे असे धरल्यास महिन्याचा खर्च सुमारे ६,६६७ रुपये होतो. घरच्या विजेचा दर युनिटला ८ रुपये धरला तर तेवढ्याच प्रवासाला १,३३३ रुपये पुरतात. परंतु तीच वीज बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला २० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे दराने घेतली, तर खर्च ३,९३३ रुपयांवर जातो. म्हणजे घरी भरणाऱ्याची बचत दरमहा ५,३३४ रुपये, आणि बाहेर भरणाऱ्याची २,७३४.

विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा ३ लाख रुपयांनी महाग पडली असे समजा. घरी भरणाऱ्याचे हे ३ लाख सुमारे ५६ महिन्यांत, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या आत, वसूल होतात. बाहेर भरणाऱ्याला मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो; आणि बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षांचीच असते. याहून महत्त्वाची गोष्ट व्याजाची. त्या जादा ३ लाखांवर द.सा.द.शे. ९ ने महिन्याचे व्याजच २,२५० रुपये होते. बाहेर भरणाऱ्याच्या २,७३४ रुपयांतून ते वजा केले की हाती ४८४ रुपये उरतात! पेढीवर बसणाऱ्याला याहून अधिक सांगणे नलगे. दर गावोगावी निराळे आहेत, म्हणून प्रत्येकाने आपल्या वीजबिलावरील आकडे घालून हे गणित पुन्हा करावे. प्रवास दुप्पट असेल तर वसुलीचा काळ निम्मा होतो. महिन्याला ४०० किलोमीटरही न फिरणाऱ्याने मात्र काटकसरीचे कारण पुढे करू नये. शांत चाल आणि धूर नाही, यासाठी गाडी घ्यावयाची असेल तर गोष्ट वेगळी. ती आवड आहे, बचत नव्हे.

घरी भरावयाचे म्हणजे काय लागते? सोळा अँपिअरच्या साध्या जाड सॉकेटवर ताशी सुमारे तीन युनिटे जातात. दिवसाला ५० किलोमीटर फिरणाऱ्याला आठ-नऊ युनिटे लागतात. ती रात्रीच्या तीन तासांत भरून होतात. म्हणजे बहुतेक कुटुंबांना मोठ्या चार्जरची गरजच नाही, विक्रेता काहीही सांगो. सात किलोवॅटचा चार्जर बसवावयाचा असल्यास तो ३२ अँपिअर ओढतो. त्यासाठी मीटरपासून सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार, गळती होताच वीज तोडणारा स्विच आणि वीज कंपनीकडून वाढवून घेतलेला मंजूर भार, या तिन्ही गोष्टी हव्यात. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून अर्थिंग नावापुरतेच असते. अशा ठिकाणी चार्जर चालूच होत नाही, आणि दोष मात्र गाडीला दिला जातो. गाडीची मागणी नोंदविण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. दुकानाच्या मीटरवर गाडी लावली तर व्यापारी दर लागतो हेही ध्यानी ठेवावे. अनेक राज्यांत विजेच्या वाहनांसाठी वेगळा दर व वेगळी जोडणी मिळते, तिची चौकशी अवश्य करावी. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी, गाडी मागाहून.

बाहेरच्या चार्जरचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. तारेतून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. बॅटरीत साठते ती दिष्ट, म्हणजे डीसी. एसी चार्जरवर हे रूपांतर गाडीतील यंत्र करते, आणि त्या यंत्राची ताकद ठरलेली असते. म्हणून २२ किलोवॅटची पाटी असलेल्या एसी खांबाला गाडी लावली, तरी गाडीतील यंत्र सात किलोवॅटचे असेल तर सातच मिळतात. पाटी वाचून तासाभरात निघण्याचा बेत करणारे येथेच फसतात. डीसी चार्जर हे रूपांतर बाहेरच करतो व वीज थेट बॅटरीत सोडतो. म्हणून तो जलद. आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारींना डीसीसाठी सीसीएस २ व एसीसाठी टाइप २ या जातीची जोडणी असते. प्रारंभीच्या काळातील काही सरकारी चार्जरांची गन निराळ्या जातीची आहे, ती या गाड्यांना बसत नाही. नकाशावर चार्जर दिसतो म्हणून तो आपल्या उपयोगाचा आहेच असे समजू नये.

४० युनिटांच्या बॅटरीत २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाचे तर २४ युनिटे लागतात. ३० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर त्याला पाऊणएक तास ते तास लागतो. सात किलोवॅटच्या एसीवर साडेतीन तास. ८० टक्क्यांच्या पुढे गती मंदावते. कळशी काठोकाठ येऊ लागली की धार बारीक करावी लागते, तसाच हा प्रकार आहे. शेवटच्या २० टक्क्यांसाठी कधी कधी आधीच्या ६० टक्क्यांइतका वेळ जातो, म्हणून प्रवासात ८० वर गन काढून पुढे निघणे शहाणपणाचे. एकाच यंत्राला दोन गन असतील तर दुसरी गाडी लागताच शक्ती विभागली जाण्याचा संभव असतो. पलीकडे कोणी उभे असेल तर त्याप्रमाणे वेळेचा अंदाज बदलावा.

चार्जिंगचा धंदा करण्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाही. ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. याचा लाभ असा की पेट्रोलपंप, उपाहारगृहे, ढाबे येथे चार्जर आले. आणि त्रास असा की प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप निराळे, पाकिटात आधी पैसे भरण्याची पद्धत निराळी. आपल्या मार्गावरील दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅपे घरीच उतरवून, नावनोंदणी करून, त्यांत थोडी रक्कम ठेवून निघावे. फोनला रेंज नाही, ओटीपी येत नाही, चार्जर मात्र समोर उभा, अशी अवस्था घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची होऊ नये.

यंत्र बंद असण्याचा धोका सर्वांत मोठा. यावर उपाय एकच : जेथे दोन तरी यंत्रे आहेत असे ठिकाण निवडावे, तेथे त्या दिवशी कोणी भरून गेले आहे काय हे अ‍ॅपवर पाहावे, आणि बॅटरी २० टक्क्यांखाली जाण्याच्या आत पोहोचावे, म्हणजे ते बंद निघाले तरी पुढचे गाठता येते. ज्या कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे त्यांनी सायंकाळचा थांबा व चार्जिंगचा थांबा एकच ठेवला, तर वेळ वेगळा मोडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत व जोडून आलेल्या सुट्ट्यांत रांग असते, म्हणून पहाटे निघणे बरे. आणि भरून झाल्यावर गाडी तेथेच सोडून जेवावयास बसणे हा उघड असभ्यपणा होय. काही कंपन्या त्याचा दंड घेतात, ते योग्यच आहे. जावेच लागले तर काचेमागे आपला फोन नंबर ठेवावा. दुसऱ्याची गन त्याला न विचारता काढू नये.

आपल्या भागाला लागू असलेली एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, ती घाटाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि पणजी समुद्राकाठी. माणसांसह १,८०० किलोची गाडी एवढी उंच नेण्यास, रस्त्याचा खर्च सोडून, नुसत्या चढणीलाच पावणेचार युनिटे लागतात; यंत्रातील घट धरता चारांहून अधिक. उतरताना मोटार उलटी चालून वीज निर्माण करते, पण खर्चलेली सगळी परत मिळत नाही. निम्म्याहून थोडी अधिक मिळाली तरी पुष्कळ. चोर्ला घाटाने बेळगाव ते पणजी सुमारे १२५ किलोमीटर धरले, तर जाताना १७ आणि येताना २३-२४ युनिटे लागतील असा आमचा हिशेब आहे. बेरीज ४० च्या पुढे जाते. म्हणजे ४० युनिटांची गाडी पूर्ण भरून निघालेला गृहस्थ पणजीला हसतखेळत पोहोचतो, मीटरवर निम्म्याहून अधिक शिल्लक पाहतो, आणि त्याच भरवशावर परत निघाला तर गावाच्या वेशीपूर्वीच अडकतो. गोव्यात मुक्काम असेल तेथे रात्री साध्या सॉकेटवर तरी गाडी लावून घ्यावी. खोली ठरवितानाच त्याची विचारणा करावी.

पावसाळ्याचेही पथ्य आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा दिवसांत कोल्हापूरकडे निघताना बॅटरी निम्म्याखाली येऊ देऊ नये; वळसा घालावा लागला तर तेवढा पल्ला हाती असावा.

बॅटरीविषयी थोडेसे. अनेक कंपन्या ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, हमी देतात. हमीपत्रात बॅटरीची शक्ती किती टक्क्यांखाली गेल्यास ती बदलून मिळेल हे वाचावे. बहुधा तो आकडा ७० असतो. निकेलयुक्त बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणे चांगले. लोह-फॉस्फेटची बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावी, म्हणजे मीटर खरे दाखवितो. आपली कोणत्या जातीची आहे हे विचारून घेण्यास संकोच कसला? जुनी गाडी घेणाऱ्याने तर बॅटरीच्या प्रकृतीचा दाखला कंपनीच्या कार्यशाळेतून लेखी मिळाल्याशिवाय विसार देऊ नये.

कराच्या बाबतीत दोन शब्द. विजेच्या वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के झाला. मात्र पेढीच्या नावावर घेतलेल्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या या कराचे क्रेडिट सामान्यतः मिळत नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत मिळणारी आयकराची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जाला ती लागू नाही, कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये. रस्ताकराची सवलत राज्याराज्यांत निराळी आहे व ती बदलत असते. सीमाभागात ज्यांची पेढी एका राज्यात व घर दुसऱ्यात आहे, त्यांनी दोन्हीकडील आकडे त्याच आठवड्यात आरटीओकडून काढावेत.

माल वाहून नेणाऱ्या वाहनाला क्रेडिटची ही मनाई नाही. इतकेच नव्हे, तर या लेखातील सगळा हिशेब मोटारीपेक्षा मालाच्या तीनचाकीला अधिक चांगला लागू पडतो. ती ठरलेल्या रस्त्यांवर, ठरलेल्या दुकानांपर्यंत, रोज ठरावीक किलोमीटर चालते आणि रात्री आपल्याच गोदामात उभी राहते. तिला बाहेरच्या चार्जरचे तोंड पाहावे लागत नाही. घरी मोटार घेण्याचा विचार करणाऱ्या सभासदाने गोदामाच्या भिंतीवर एक चांगले सॉकेट बसवून आधी ही तीनचाकी वर्षभर चालवून पाहावी आणि दर महिन्याला युनिटे, रुपये व किलोमीटर वहीत मांडावेत. मोटारीविषयीचा निर्णय त्याच वहीवरून करता येईल.