बोलण्यातील निपात : 'ना', 'की' आणि 'म्हणे'

यास्काने पदांचे चार वर्ग मानले. त्यांतील एक निपातांचा. काही निपात केवळ पदपूरणासाठी येतात, असेही त्याने नोंदविले. मराठी व्याकरणानेही हीच वाट धरून 'म्हणे', 'बरं का' अशा शब्दांना पादपूरणार्थक ठरविले. नित्याच्या संभाषणाकडे पाहता हा निवाडा टिकत नाही.

'बस ना' यात आर्जव आहे; 'बस की' यात 'अजून उभा का?' हा प्रश्न दडलेला आहे. 'तो आजारी आहे' म्हणणारा त्या विधानाची जबाबदारी घेतो. 'तो आजारी आहे म्हणे' म्हणताना ती तो इतरांवर सोपवितो. एस्टोनियन भाषेत ऐकीवपणा दाखविण्याचे हेच कार्य क्रियापदाला लागणारा '-वत्' हा प्रत्यय करतो. तेथे त्यास कोणी पादपूरण म्हणत नाही.

अनुवादात या शब्दांची कसोटी लागते. 'तू तर आलाच नाहीस' हे वाक्य चंदीगडनजीकच्या खरड येथील पंजाबीत 'तूं तां आया ई नहीं' असे सहज उतरते : 'तर'ला 'तां', 'च'ला 'ई'. 'ना' दोन्हीकडे आहे. 'की' मात्र पंजाबीत 'काय' या अर्थी येतो; तेथे रूपसाम्य फसविते. 'म्हणे'साठी 'कहिंदे ने' असे सबंध उपवाक्य योजावे लागते. ते अनावश्यक मानून गाळले, तर कथेतील ऐकीव वार्ता वस्तुस्थिती होते आणि पात्रावरील प्रवाद सिद्ध दोष ठरतो. निपात गाळणारा अनुवादक बोलणाऱ्याची साक्षच बदलतो.