माळवदाचें घर : एक पाठ

इयत्ता आठवीच्या मुलांना आम्ही दर वर्षीं 'आमचें घर' हा निबंध घालतों. वह्या परत येतात तेव्हां असें दिसतें कीं, सर्वांचीं घरें जणूं एकाच गवंड्यानें बांधिलीं आहेत. प्रत्येक घर लहान पण सुंदर असतें, प्रत्येकापुढें फुलझाडें असतात व प्रत्येकाची आई प्रेमळ असते. आई प्रेमळ असते हें आम्हांस मान्य आहे; परंतु ती धान्य कोठें सांठविते, पावसाळ्यापूर्वीं छपरावर कोण चढतें, घरांत उजेड कोठून येतो, हें कोठेंच वाचावयास मिळत नाहीं. म्हणून घर पाहावें कसें याचाच एक पाठ यंदाच्या अंकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल जें घर आम्हांस तोंडपाठ आहे, तेंच घेतों.

हें घर अहमदनगर (२०२४ सालापासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील एका खेड्यांत आहे. आमच्याकडे गांवच्या जमिनीचे दोन भाग मानितात : काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या भिंती ढांसळल्या, चुलींची राख पडली, शेणमाती मिसळली, आणि वस्तीच्या मातीला तो पांढुरका रंग आला. तिच्यांतून पाणी लवकर झिरपत नाहीं. म्हणून छपरावर तीच घालितात. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें, तेव्हां अशाच पांढरीच्या पोटांतून सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचीं मातीचीं घरें, चुली व धान्याचीं पेवें निघालीं. आमच्या आजीला ही बातमी कोणीं सांगितली असती, तर ती 'त्यांत नवल तें काय?' असेंच म्हणाली असती. तिच्या माहेरीं पेव होतेंच.

आमच्या भागांत जुनें घर फुटांनीं मोजीत नाहींत, खणांनीं मोजितात. दोन खांबांमधील अंतर तो एक खण; तें सुमारें चार-पांच फूट भरतें. आमचें माजघर नऊ खणांचें, म्हणजे तीन खण लांब व तीन खण रुंद. आतां मुलांनीं पाटीवर आकृति काढून पाहावी : नऊ खणांस खांब किती लागतील? उत्तर सोळा येतें. पण माजघरांत उभें राहिलें तर दिसतात चारच. उरलेले बारा भिंतींत दडलेले असतात. खांबाखालीं दगडी तळखडा, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला, आणि त्यावर फूटभर पांढरी माती, असें हें माळवद. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा जागेवर एक फूट जाडीची माती म्हणजे १०० घनफूट झाली. चोपलेली कोरडी माती घनफुटास सुमारें ४५ किलोग्रॅम भरते, तेव्हां डोक्यावर ४,५०० किलोग्रॅम वजन झालें! आणि गळतें म्हणून दर दोन-चार वर्षांनीं आणखी एक थर चढे, तो वेगळाच.

एवढें ओझें लोकांनीं उगाच वाहिलें नाहीं. आमच्याकडे वैशाखांत दुपारीं बाहेर उभें राहवत नाहीं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींतून व त्या मातींतून ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होई. आणि रात्रीं सारें घर माळवदावर निजावयास जाई. भिंतींना खिडक्या नव्हत्या. उजेड छपराला ठेविलेल्या सवण्यांतून येई व चुलीचा धूर त्यांतूनच बाहेर पडे. त्या सवण्याचा कवडसा सकाळीं उतरंडीवर असे. तो सरकत सरकत जात्यावर आला कीं शाळेची वेळ झाली, हें आमचें घड्याळ होतें. थंडींत कवडसा दुसरीकडून येई, तेव्हां आई उखळाचा हिशेब धरी. तिचा हिशेब क्वचितच चुके.

मृग लागण्यापूर्वीं बाबा व दादा वर चढून भेगा बुजवीत, माती भिजवीत व चोपण्यानें चोपीत. तरीही पहिल्या जोराच्या सरीला बळदाच्या कोपऱ्यांत ठिबकेच. मग आई भांडीं मांडी. पितळेच्या पातेल्यांतला थेंब व मातीच्या मडक्यांतला थेंब यांचे आवाज निराळे, आणि अंधारांत पडल्या पडल्या कोणतें भांडें भरत आलें तें आम्हां भावंडांस ओळखतां येई. चुलीपासून दूरच्या भिंतींत एक कोनाडा होता. त्यांत पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत' व 'ज्ञानोदया'चे जुने अंक असत. 'ज्ञानोदय' १८४२ सालीं आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं निघालें, याचा बाबांस मोठा अभिमान. दिवेलागणीला कंदील त्या कोनाड्यांत ठेवून कुटुंबाची प्रार्थना होई. पाऊस फार असला कीं बाबा ती थोडक्यांत आटपीत, कारण छपराकडे लक्ष असे.

आम्ही बोर्डिंगांत होतों तेव्हां आईचें कार्ड महिन्यांतून दोनदां येई. ती चौथीपर्यंत शिकलेली. 'अनेक आशीर्वाद व सलाम' एवढी एक ओळ झाली कीं लगेच बातमी : तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला, आत्याबाई पंधरा दिवस राहून गेल्या, ज्वारी बळदांत घातली, पांच पोतीं भरली, पश्चिमेच्या भिंतीचा पोपडा पडला. तुझी आठवण येते, असें तिनें कधीं लिहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पण पांच पोतीं भरली हें वाचतांना आम्ही त्या बळदापाशीं उभे असूं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' (चार भाग, १९३४ ते १९३६) ज्यांनीं वाचिलीं असतील त्यांस आमचें म्हणणें चटकन् पटेल. माहेरच्या घरांतील सोंवळ्याची दहशत सांगतांना त्या मोठे शब्द वापरीत नाहींत. काय काय धुतलें जाई तें सांगतात, आणि आपण हंसतां हंसतां गप्प होतों.

१९९३ च्या ऑक्टोबरांत मात्र आईचें कार्ड निराळें आलें. ३० सप्टेंबरच्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशीं, किल्लारी व सास्तूर भागांत भूकंप झाला होता. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद (आतां धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. तीं बहुतेक झोंपेंत, आणि आमच्या घरासारख्याच घरांखालीं. दगड व चिखल यांच्या जाड भिंती, वर टनावारी माती. जें उन्हाळ्यांत थंडावा देई तेंच अंगावर आलें. पाहणी करणाऱ्यांस आणखी एक गोष्ट आढळली. जेथें छपराचा भार खणाच्या लांकडी खांबांवर होता, तेथें अनेक ठिकाणीं भिंती ढांसळूनही छप्पर उभें राहिलें. जेथें कड्या थेट भिंतींवर टेंकल्या होत्या, तेथें भिंतीबरोबर सर्वच खालीं आलें. आईनें लिहिलें होतें : बाबांनीं बळदाच्या खोलीची माती उतरविली, वर पत्रा घातला. तिकडे खांब नव्हते.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. बाबा नाहींत. दादानें ओसरीच्या जागीं स्लॅबची खोली बांधिली आहे. तींत गॅस, पंखा, दूरदर्शन सर्व कांहीं आहे. आईनें सत्तरी ओलांडली, तरी ती निजते माजघरांतच. स्लॅब रात्रीं तापलेला असतो असें ती म्हणते, आणि तें खरें आहे. माळवद चोपणारें आतां कोणी उरलें नाहीं असें दादा म्हणतो, आणि तेंही खरें आहे. या वादांत आमचें मत फारसें कोणी विचारीत नाहीं. दूर राहणाऱ्याला जुन्या घराचें प्रेम स्वस्त पडतें, असें दादानें एकदां ऐकविलेंही आहे. गेल्या नाताळांत आम्हीं दोघांनीं पश्चिमेच्या भिंतीचा पाया थोडा उकरून आंतील खांब पाहिले. पाहिलेल्या चारांपैकीं तिघांचे पाय वाळवीनें पोखरलेले निघाले. बोट दाबलें तर आंत जाई. दिसणारे चार खांब अजून टणक आहेत. पण घर धरून ठेवावयाचें तें न दिसणाऱ्या बारांनीं. आईला हात धरून तें दाखविलें. ती बराच वेळ तेथें बसली, मग म्हणाली, 'मे महिन्यांत उतरवा. पावसाच्या आधीं.'

मुलांनो, सुटींत जुन्या घरीं जाल तर टेप घेऊन जा. खण मोजा, भिंतीची जाडी मोजा, सवणें आहे काय तें पाहा, आणि आजीला विचारा कीं ती नवी नवरी म्हणून आली तेव्हां चूल कोणत्या कोपऱ्यांत होती. घर जुनें असून त्यांत कोणी निजत असेल, तर खांब भिंतींत आहेत कीं नाहींत व त्यांचे पाय धड आहेत काय, हें वडीलधाऱ्यांस पाहावयास सांगा. पालकांसही आमची हीच विनंति आहे.

आईनें दोन अटी घातल्या आहेत : चांगल्या निघतील त्या तुळया नव्या खोलींत घालावयाच्या, आणि माळवदाची माती विकावयाची नाहीं, आपल्याच शेतांत टाकावयाची; पांढरीची माती पिकाला चांगली. आतां कार्डें येत नाहींत, रविवारीं उपासनेनंतर दूरध्वनि येतो. गेल्या रविवारची बातमी अशी : तांबड्या गाईच्या वंशांतली कालवड विकली, दादानें मजूर ठरविले, जातें तिनें स्वतः दोन सुनांना लावून अंगणांत नेवविलें. सवण्यावरची दगडी फरशी ठेवावी कीं टाकावी असें तिनें विचारलें. ठेव, असें आम्हीं सांगितलें.